बाईंचा जर्मन आवाज

कचरा टाकायला जातानासुद्धा लिपस्टिक लावणारं माणूस साऱ्या जर्मनीत एकच, आमच्या आखन गावातल्या घरमालकीणबाई. त्या एकेकाळच्या फ्रेंच नटी. विशीत पडद्यावर चमकल्या, चाळिशीत नुसत्या आयांच्या भूमिका येऊ लागल्या तेव्हा चिडून स्वतःच निर्मात्या झाल्या, आणि पुढे एका जर्मन डॉक्टरशी लग्न करून इथे आल्या. नटीचा नखरा गेला नाही आणि निर्मातीचा धाकही. हीटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्या आधी जेवायला बसवतात, कारण शूटिंगचं युनिट उपाशी असलं की काम बिघडतं. मग त्याने स्क्रू पिळला की म्हणतात, "छान झालं. पुन्हा एकदा." 'पुन्हा एकदा' हे दोन शब्द जोडल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचं कौतुक केलं नाही. माझ्या सासूबाई पुण्याला परत निघताना दारात रडल्या, तर बाईंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

बाईंचं दुखणं एकच. इथे परदेशी सिनेमे जर्मन आवाज चढवून दाखवतात, त्यामुळे बाईंना सगळे ओळखतात ते दुसऱ्याच बाईच्या आवाजाने. ती आवाजवाली गावातच राहते. दर रविवारी दोघी केक खात भांडायच्या. "माझ्या रडण्याची हिने पार वाट लावली," असं बाई तिच्यादेखत आम्हाला सांगायच्या. ती शांतपणे म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर लोक रडले." टीव्हीवर सिनेमा लागला की बाई आवाज बंद करून आपले संवाद फ्रेंचमध्ये म्हणत, आणि आम्ही अक्षर न कळता टाळ्या वाजवत असू.

मागच्या हिवाळ्यात आवाजवालीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बाई लिपस्टिक न लावताच कचरा टाकायला जात होत्या.

परवा तोच रडण्याचा सिनेमा लागणार होता. बाईंनी तिला चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं, आम्हालाही बोलावलं. सिनेमा सुरू होताच त्यांनी रिमोट उचलला. निदान आज तरी आवाज बंद करू नका, असं मी म्हणणार होते. पण बाईंनी आवाज वाढवला, चांगला खिडक्या थरथरेपर्यंत.

पडद्यावरच्या तरुण बाई जर्मनमध्ये रडू लागल्या. खुर्चीतल्या मैत्रिणीचे ओठ त्याबरोबर हलत होते. बाई शेवटपर्यंत तिचा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"छान झालं," त्या तिला म्हणाल्या. पुढचे दोन शब्द या वेळी म्हणाल्या नाहीत.