रॉकेलच्या ट्रेपाशी अक्का

माझ्या थोरल्या बहिणीवर दोनदा अन्याय झाला. पहिला अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर लगेच, जेव्हा कन्नडकडच्या आमच्या गावात वस्तीवर रॉकेल ओतून काडी लावली गेली. दुसरा त्यानंतर काही वर्षांनी, चिकलठाण्याच्या एका कंपनीत, सोमवारी पहिल्या पाळीत, चहाची सुट्टी व्हायच्या आधी. पहिल्याबद्दल मी पुष्कळ पत्रकं लिहिली. दुसऱ्याबद्दल एकही नाही. आमच्या चळवळीच्या पत्रकांत घर, जमीन, भरपाई, विद्यापीठाचं नाव एवढ्या मागण्या मावायच्या. अक्काच्या हातांना त्यात जागा नव्हती. म्हणून ते इथं लिहिते.

वस्ती पेटली त्या वेळी आम्ही पळून उसात बसलो होतो. मी ओरडू नये म्हणून अक्कानं माझं तोंड दाबून धरलं होतं. मला त्यातला धूर आठवतो. तिला वास आठवतो, पण हे ती बरीच वर्षं बोलली नाही. पुढं आम्ही शहरात आलो, उस्मानपुऱ्यात एक खोली घेतली. शेजारी सगळ्यांकडं स्टोव्ह, आमच्याकडं चूल. मायनं एक जुना स्टोव्ह आणला तर अक्कानं तो माळ्यावर फेकला. माय दिवसभर बडबडली, "लाकडं इकत आनायची अन् ही म्हाराणी स्टोव्ह पेटवू देईना!" आम्ही सगळे हसलो. हट्टी आहे म्हणालो.

कंपनीत ती आधी पॅकिंगला होती. सुटे भाग कागदात गुंडाळायचे, खोक्यात रचायचे. कुणाची तक्रार नाही. मग ऑर्डरी वाढल्या, तिसरी पाळी सुरू झाली आणि बायांची जागा बदलली. अक्काला धुलाईला लावलं. मशीनवरून आलेले तेलकट भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशनं घासायचे. पहिल्याच आठवड्यात तिचे हात बर्फासारखे गार पडून थरथरायला लागले. छाती धडधडायची, कानात भुंगा, पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळायचं नाही. घरी येईपर्यंत सगळं ठीक. सकाळी गेट दिसलं की पुन्हा तेच सगळं.

शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे, दर्ग्यावर नेऊन आणा. कंपनीच्या ठरलेल्या डॉक्टरनं ताकदीचं इंजेक्शन टोचलं. आणि आमच्या चळवळीतल्या एका शूर भाऊंनी सांगितलं, "ताईंना मोर्च्याला आणा. दोन घोषणा दिल्या की भीती पळून जाते."

अक्का त्यांच्या तोंडावर म्हणाली, "भाऊ, भ्याव डोक्यात नाय माझ्या. डोस्क्याला ठावं हाय की हितं कोन जाळायला येनार नाय. हाताला ठावं नाय. हाताला काय घोषना द्यायला लावू?"

भाऊ हसले. मला हसू आलं नाही. पोलिसाची शिट्टी ऐकली की माझं पोट आवळतं, तोंड कोरडं पडतं, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्यात ते सांगायची पद्धतच नव्हती. अंगावरचे वळ दाखवायचे. आतलं थरथरणं दाखवलं की माणूस कच्चा ठरायचा.

शेवटी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तपासणारी डॉक्टरीणबाई तरुण होती. छाती तपासून झाल्यावर तिनं विचारलं, "हे कुठं होतं? तिथं नाकाला काय लागतं?"

"रॉकेल," अक्का म्हणाली, आणि नुसतं म्हणतानाच तिचा आवाज चिरकला.

"घरी स्टोव्ह आहे?"

मी अक्काकडं पाहिलं. "माळ्यावर हाय," ती म्हणाली. त्यानंतर तिनं उसातलं सगळं सांगितलं, माझ्यादेखत पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काळीज ठणठणीत आहे तुमचं. पण अंग वासाला आग समजतं. पळायची तयारी करतं. ट्रेपुढून पळता येत नाही, म्हणून तो जोर छातीत आणि हातात कोंडून राहतो. तुम्ही वेड्या नाही. असं झालं की पाय जमिनीवर घट्ट दाबा, आणि श्वास घेता त्यापेक्षा सावकाश सोडा. अंगाला त्यातूनच कळतं की धोका गेला. आणि जमलं तर जागा बदलून घ्या."

ट्रेवर वाकून श्वासाकडं लक्ष देणं अक्काला जमेना. जवळच्या ट्रेवर एक बाई होती, मेंढपाळ घरातली, पडेगावहून यायची. ती म्हणाली, "गुनगुन की गं. गुनगुनताना श्वास आपसूक लांब सुटतो. लांडगा येऊन गेला तर आमची मेंढरं लई दिस त्या वाटंला पाय ठिवत नायत. त्यांना कोन म्हनतं का, नाटकं करत्यात?"

मग अक्का गुणगुणायला लागली. कधी पाळणा, कधी जयंतीतली गाणी, ओठ मिटून. हातांची थरथर रोज थांबायची असं नाही. पण बऱ्याचदा थांबायची, आणि ब्रश चालायचा.

तेवढ्यात खात्यावर नवा साहेब आला. "भजनी मंडळ आहे का हे? उद्यापासून आवाज बंद, नाहीतर गेट तिकडं आहे." अक्कानं गुणगुणणं सोडलं. आणि त्या सोमवारी तिचे हात एवढे थरथरले की ट्रे कलंडला, रॉकेल तिच्या साडीवर सांडलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. श्वास लागलेला. साहेब सगळ्या खात्यासमोर ओरडला, "बस झालं नाटक! ऊठ!"

पडेगावची बाई मधे पडली. "साहेब, तिला पॅकिंगला बसवा. तिचा ट्रे बी मीच घासते. माझा जलम मेंढरात गेला, मला कशाचाच वास येत नाय!" बाया हसल्या. साहेब हसला नाही. म्हणाला, "आज हिला जागा बदलून दिली की उद्या सगळ्यांनाच भीती वाटायला लागेल." आणि अक्काला घरी पाठवलं. बरी झालीस की ये म्हणाला. धुलाईलाच ये, असंही म्हणाला.

पॅकिंगचं टेबल त्याच शेडमध्ये होतं, खिडकीपाशी. तिथं तिनं आधी काम केलं होतं, उत्तम केलं होतं. तिला औषधापेक्षा ते टेबल हवं होतं आणि ते कुणी दिलं नाही.

अक्का अजून घरीच आहे. पाय फरशीवर दाबून बसते, सावकाश श्वास सोडते, मला कामावर कधी जाऊ म्हणून विचारते. त्याचं उत्तर तुमच्याकडं आहे. तुम्ही खात्याचे साहेब असाल, सुपरवायझर असाल, युनियनचे पुढारी असाल, किंवा आमच्यासारखे शूर कार्यकर्ते असाल. तुमच्या हाताखाली कुणाचे हात थरथरत असतील तर उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी तिच्यापाशी जा. कसला वास, कसला आवाज सोसवत नाही ते विचारा. ती सांगेल ते ऐका, आणि तिची जागा बदला. उद्याच बदला.