करवतीच्या दुसऱ्या टोकाला

बदलापूरच्या आमच्या घरी दोन मुठींची लांब करवत होती. एक मूठ आमच्या यांच्या हातात, दुसरी माझ्या. माझ्यासारखी करवत दोघा दिरांपैकी कोणालाच जमत नसे, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आजही सांगते. ते ढकलायचे. करवत आपल्याकडे फक्त ओढायची आणि मग समोरच्यासाठी सैल सोडायची. ढकललीत की पातं वाकतं आणि कुणाचा तरी हात कापतो.

सासरे माझ्या लग्नाआधीच झाड तोडताना त्याखाली सापडून गेले होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण आम्ही करवत काढली की सासूबाई ओटीवर येऊन बसत आणि काम संपेपर्यंत जागच्या हलत नसत.

एका वादळात परसातलं जांभळाचं झाड उन्मळलं आणि शेजारच्या आंब्यावर रेलून राहिलं. फाळणीनंतर नव्यानेच वसलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी भट्टीवाल्याला लाकूड हवंच होतं. मी पदर खोचला. दोघे दीर आणि शेजारचे काका दोर धरून उभे राहिले. जांभळाची मोठी फांदी वाकून ताणली गेली होती. अशी फांदी एका दमात कापायची नसते. आधी दाबाच्या बाजूने थोडी, मग ताणाच्या बाजूने जपून. आम्ही तसंच करत होतो. खाच मिटायला लागली, म्हणून हे पाचर ठोकायला खाली वाकले.

तेवढ्यात वर आंब्याची फांदी करकरली.

"अहो!" मी ओरडले.

दोन्ही दिरांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. यांनी नाही. सकाळपासून 'अहो, सरका', 'अहो, थांबा' ऐकून ऐकून यांना माझ्या हाकेचं काही वाटेनासं झालं होतं. मग मी बेंबीच्या देठापासून यांचं नाव घेतलं. थोरल्या दिरांसमोर, सासूबाईंसमोर, उखाण्याबिखाण्याशिवाय. हे विंचू चावल्यासारखे बाजूला उडाले आणि अख्खं जांभूळ त्या पाचरेवर येऊन आदळलं.

काका हातातल्या दोराकडे बघत राहिले. यांचे कान लालभडक झाले होते. मला लाज म्हणाल तर तीळभर वाटली नाही. सासूबाई बोलल्याच तर काय उत्तर द्यायचं, तेही मी मनात जुळवून ठेवलं. उत्तरांची मला कधी वाण नव्हती.

सासूबाई ओटीवरून उतरल्या. लेकाच्या खांद्यावरचा भुसा त्यांनी झटकला, त्याचा दंड चाचपून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

"यापुढं करवत धरशील तवा त्याला नावानंच हाक मार," त्या म्हणाल्या. "मी तवा नुसतं 'अवो' केलं व्हतं."