जमादार पळून गेला नव्हता

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. पण तव्यावर शेवटची भाकरी पडली, की तिचा किंचित करपलेला, गोडसर वास अजूनही मला जागच्या जागी थांबवतो. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची, ही आमच्याकडची रीत. कुणी ती रीत म्हणून पाळतं. माझी बायको कमल जीव लावून पाळायची. तिच्या त्या जीव लावण्याचा मी जन्मभर मत्सर केला. माणसानं कुत्र्याचा मत्सर करावा! हसू येतं ना? मलाही वेळेवर हसू आलं असतं तर किती बरं झालं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूरजवळ रस्त्याचं काम निघालं होतं. मी चार बुकं शिकलेला, म्हणून बाभळीच्या विरळ सावलीत बसून मजुरांची हजेरी लिहायचो. कमल उन्हात खडी फोडायची. आमची तान्ही लेक त्याच बाभळीला बांधलेल्या झोळीत निजायची. एक दिवस कुठूनसं एक तांबडं, हडकलेलं कुत्रं आलं आणि झोळीखाली ठाण मांडून बसलं. कावळ्यालाही फिरकू देईना. कामावरच्या बाया म्हणाल्या, "कमल, तुला फुकटचा जमादार मिळाला की गं!" नाव पडलं ते पडलंच. दुपारी सरकारकडून खायला सुकडी वाटत. कमल आपल्या वाट्यातली मूठभर त्याला घाली. न राहवून मी एकदा म्हणालो, "मला कधी विचारलंस का?"

"तुमचं नाव मस्टरवर हाय. ह्याचं कोण लिवणार?"

बाया खो खो हसल्या. मी मान खाली घालून हजेरी लिहीत राहिलो, पण ओळी वाकड्या गेल्या.

मत्सर भुकेतून उपजतो असं मला तेव्हा वाटे. पण मग पाऊस पडला, मला तहसिलीत नोकरी लागली, घरात धान्याची पोती आली. तरी मत्सर का गेला नाही? लेक रांगायला लागली ती जमादारच्या शेपटीमागं. कमल दिवसातून त्याला किती हाका मारते आणि मला किती, हे मी मनात मोजत राहिलो. त्याला मारलेली हाक नेहमी मऊ असायची. माझ्या वाट्याला "अहो, ऐकलं का" आणि त्यामागून येणारं काम.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कार्यालयं उघडली आणि माझी तिकडं बदली झाली. जमादार तोवर म्हातारा झाला होता, डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं होतं. कमल म्हणाली, "ट्रकात डायवरजवळ त्यो बसंल, तुमी मागं सामानात बसा." थट्टाच होती ती. मला ती निकालासारखी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, न दिसून, जमादार अंगणात वाळत घातलेल्या डाळीवरून चालत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच कमल त्याच्यावर ओरडली, "जा मेल्या, कुठं जायचं तिथं जा!" मग तिलाच वाईट वाटलं. त्याची भाकरी झाकून ठेवून ती शेजारणींचा निरोप घ्यायला गेली. ती भाकरी मी उचलली. माझ्या हाकेला तो कधीच येत नसे; त्या दिवशी मुकाट माझ्यामागं धान्याच्या मोंढ्यापर्यंत आला, कारण भाकरीला तिच्या हाताचा वास होता. लातूरच्या उलट दिशेला, भोकरकडं निघालेला एक ट्रक उभा होता. जमादारला वर चढता येईना, म्हणून मीच त्याला उचलून आत ठेवलं. दहा वर्षांत त्याला पोटाशी धरलं ते तेवढंच. त्यानं माझं मनगट चाटलं.

कमलला मी सांगितलं, "पळून गेला कुठंतरी." ती मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत हाका मारत फिरली आणि शेवटी उंबऱ्यावर बसून म्हणाली, "माझ्याच तोंडून निघालं, जा म्हणून. मुकं जनावर. त्याला खरंच वाटलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चल, सामान बांधायचंय."

लातुरात तिनं आणखी दोन कुत्री सांभाळली, बिजली आणि चंपी. दोघींवर कधी आवाज चढवला नाही; चपला कुरतडल्या, चादरी फाडल्या, तरी नाही. दोघींनी तिच्या मांडीवरच प्राण सोडला. मी पेपराआडून पाहत जळत राहायचो. फार उशिरा उमगलं, की ज्या मायेवर मी जळत होतो, तिच्यातली निम्मी माया हे प्रायश्चित्त होतं. पाप माझं, प्रायश्चित्त तिचं!

शेवटच्या आजारात, एका दुपारी, तिनं डोळे न उघडताच विचारलं, "जमादार आला का वो?"

"हाव. दारात बसलाय."

"माझ्यावर रागंवलाय?"

"न्हाई."

तिचा चेहरा पोरीसारखा निवळला. आणि काय सांगू, त्याही घडीला माझ्या मनात आलं: माझ्यासाठी हा चेहरा असा कधी झाला होता? त्या एका विचारात बोलायची वेळ निघून गेली. तिचा डोळा लागला, तो पुन्हा उघडलाच नाही.

मला म्हणायचं होतं ते एवढंच: कमल, तो तुझ्या बोलण्यानं गेला नाही. मी त्याला नेऊन सोडला. तू ओरडलीस ते तो केव्हाच विसरून गेला होता. तुझं काहीसुद्धा चुकलं नव्हतं गं.