न थरथरणारा आकडा

कचेरीत तिला सगळे थरथर मावशी म्हणत. बावीस वर्षांत यानांच्या जोड्या बदलल्या, पण तिचं काम तेच: पुढेमागे उडणाऱ्या दोन यानांमधलं अंतर पडद्यावर बघत बसायचं. आपण कुठे आहोत हे दोन्ही यानं आणखी उंचावरच्या उपग्रहांना विचारून घेतात. उत्तरात थोडी चूक असतेच. पण पुढचं यान आपलं उत्तर मागच्याला कळवतं, दोघांची चूक जवळजवळ सारखी, त्यामुळे मागच्याने केलेल्या वजाबाकीत ती उडून जाते आणि उरतं ते अंतर. दोनशे मीटर. तेही दोन बोटं मागेपुढे, सतत थरथरणारं.

त्या दुपारी डब्याचं झाकण लावता लावता तिचं लक्ष गेलं. दोनशे मीटर, शून्य सेंटिमीटर. हात धुऊन आली. तेवढंच. खोलीतल्या पंख्याचा आवाज एकाएकी मोठा वाटू लागला.

"साहेब, हा आकडा हलत नाहीये."

"मावशी, हलला तरी तुमची कुरकुर, नाही हलला तरी कुरकुर!" साहेब हसले. "इतका गुणी तर तो कधीच नव्हता."

"म्हणूनच तर. जित्या जिवाला इतकं गप्प बसवत नाही."

साहेबांचं हसू विरलं. मागच्या यानाला दूर सारायचं तर सहा महिन्यांचं इंधन जाणार, आणि शंका खोटी ठरली तर खापर मावशीच्या माथी.

"सही कराल?"

तिने केली.

आज्ञा गेली आणि यानं क्षितिजाखाली बुडाली. पाऊण तास काळ्या पडद्यावर शेवटचा आकडा तेवढा उजळत राहिला. पापणी न लववता बघणाऱ्यासारखा.

यानं पुन्हा वर आली, दोघांतला तुटलेला संपर्क नव्याने जुळला, आणि आकडा थरथरला. एकतीस मीटर. मग तेहतीस. गणित मागे नेऊन पाहिलं, तर पुढच्याची खबर सकाळीच थांबली होती. मागचं यान जुनाच आकडा घोकत त्याच्या अंगावर सरकत होतं. आज्ञा पोचली तेव्हा मध्ये अकरा मीटर उरले होते.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. साहेबांनी नुसता पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी ती घरी आली, तर नवरा आरामखुर्चीत, छातीवर उघडं वर्तमानपत्र. कागदाची कडसुद्धा हलत नव्हती. खांद्यावरची पिशवी न उतरवता ती दारातच थांबली. बराच वेळ.

"अहो?"

कागद सळसळला. "अगं, भुतासारखी उभी काय राहिलीस?"

"काही नाही," चपला काढत ती म्हणाली. "तुम्ही आपले हलत राहा."