बेशुद्ध पडलेल्यावर आधी संशय, मग पाणी

माणूस चक्कर येऊन पडला की आपण त्याच्या तोंडावर पाणी मारतो, पण त्याआधी मनात एक शंका डोकावतेच: खरंच पडलाय ना? मोठ्या भूकंपानंतर आमच्या टोकियोच्या ऑफिसने ठरवलं, प्रत्येक मजल्यावर प्रथमोपचार येणारं कोणीतरी हवं. मी नाव दिलं आणि अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग केलं. तेव्हापासून ऑफिसात किंवा मी राहते त्या फुनाबोरी भागातल्या मराठी मंडळींत कोणी पडलं की फोन मला. किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते समोर येऊन पडतात.

* * *

ट्रेनिंगला माझ्याबरोबर नचिकेत होता, पुण्याहून नुकताच आलेला. शिकवणारे गृहस्थ अग्निशमन दलातले होते. त्यांनी दाखवलं की माणसाला सपाट झोपवा, पाय उचलून धरा, कॉलर, पट्टा सैल करा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. मिनिटभरात जागा झाला नाही, तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय करतात? नचिकेतने प्रामाणिकपणे सांगितलं, कांदा नाहीतर चप्पल हुंगायला देतात.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"माणूस वासाने उठतो," त्यांनी विचारलं, "की यापुढे काय हुंगवतील या भीतीने?"

* * *

दोन महिन्यांनी नचिकेतच पडला. सकाळची मीटिंग आमच्याकडे उभ्याने होते. त्या दिवशी त्याची संकष्टी होती, पोटात फक्त कॉफी. मी त्याला आडवा केला, पाय प्रिंटरच्या कागदांच्या खोक्यावर ठेवले. अर्ध्या मिनिटात त्याने डोळे उघडले.

आमचे मॅनेजर सातो-सान मला बाजूला घेऊन गेले. त्यांना वेगळाच वास येत होता. हा रात्री जागून ऑफिसचं काम लपवून करतो का? मी म्हटलं, नाही, उपवास आहे. कोणी सांगितला? कोणीच नाही. मोडला तर कोणाला कळतं? कोणालाच नाही.

सातो-सानांनी विचारलं, "मग तपासतं कोण?"

त्यांचा विश्वास काही बसला नाही. पुढचा महिनाभर ते रोज संध्याकाळी सहाला नचिकेतच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि तो लॅपटॉप बंद करेपर्यंत हलायचे नाहीत. पोरगं त्या महिन्यात दोन किलोने वाढलं.

* * *

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या वंदनाच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. इथल्या खोल टबातल्या कढत पाण्यात त्या जरा जास्तच बसल्या आणि बाहेर येऊन कपडे घालता घालता कोसळल्या. वंदना रडतच फोनवर बोलली. मी धावत गेले. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी काढून घेतला. घशात अडकलं असतं. आम्ही दोघींनी मिळून सासूबाईंना नीट आडवं केलं, पाय वर घेतले. रंग परत आला, डोळे उघडले. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या भरलेल्या पेल्याकडे, मग सुनेकडे.

चार दिवसांनी साताऱ्याहून नणंदेचा फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि सुनेने तोंडात पाण्याचा थेंबही घातला नाही, अशी तिथे बातमी होती. वंदनाने नियम समजावून सांगितला. मग नणंद म्हणाली, "आणि घातलं असतंस, तर आई म्हणाली असती की एवढ्यातच आशा सोडली!"

* * *

आता माझं सांगते. भूकंपानंतरच्या त्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांनाच जमीन हलल्याचे भास व्हायचे. एका सकाळी स्टेशनवर मला तसंच वाटलं. मी वर टांगलेल्या पाटीकडे पाहिलं, ती स्थिर होती. म्हणजे हलत होते ती मीच, एवढं कळलं आणि पुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर आडवी होते. सत्तरीच्या एक जपानी आजी खाली जमिनीवरच बसल्या होत्या, माझे पाय त्यांच्या मांडीवर. सगळं अगदी शिकवल्यासारखं. आणि मी काय केलं? आभार मानायच्या आधी हाताने पर्स चाचपली. पर्स नव्हती. मी आजींकडे पाहिलं, आणि कसं पाहिलं ते मला अजून आठवतं.

त्या रागावल्या नाहीत. माझ्या मानेखाली बोट दाखवून हळू आवाजात म्हणाल्या, पर्स उशाला ठेवली आहे. जाग आल्यावर माणूस आधी तीच शोधतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

गाडी येत होती. आजींनी माझे पाय अलगद खाली ठेवले, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"मी एकदा अशीच पडून जागी झाले," त्या म्हणाल्या, "तेव्हा उशाला काहीच नव्हतं."