गाठीवर लावलेला बिब्बा

"गाठ आहे. कसली, ते बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही. आणि बायोप्सी आज करता येणार नाही."

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून एवढंच सांगितलं. माझ्या उजव्या स्तनावर, गाठीच्या बरोबर वर, कातडी सोलवटून पाणी सुटलं होतं. तिथं बिब्बा उतला होता.

तो लावला होता आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आमच्या आष्ट्याकडं पाय मुरगळला, कुठं गाठ आली, की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. अंघोळ करताना गाठ हाताला लागली तेव्हा नवऱ्याला सांगायची लाज वाटली, म्हणून आधी आत्यांना सांगितलं. "भिऊ नगंस, जिरंल," त्या म्हणाल्या. गाठ होती तशीच राहिली, कातडी तेवढी जळाली.

"जखम सुकल्याशिवाय सुई नको," डॉक्टर म्हणाल्या. "आता वरून काहीही लावायचं नाही. हळदसुद्धा नाही."

अशी वाट बघणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. मी गेले तर लेकीचं कसं होणार, हेच डोक्यात. जखम भरत आली तशी भीती आणखी वाढली, कारण आता सुई जवळ आली होती. त्यात शेजारीण सांगून गेली, "सुई टोचली की पसरतंय म्हनं." मी डॉक्टरांना तसंच विचारलं.

"सुईनं नाही पसरत. उशीर केला की पसरतं," त्या म्हणाल्या.

माझा नवरा फौजेतून निवृत्त झालेला. सीमेवर बर्फात राहिलेला माणूस, पण दवाखान्याच्या बाकावर माझी पिशवी पोटाशी धरून बसायचा आणि सारखं विचारायचा, "पाणी पितीस का?"

"पाण्यानं गाठ जातीया का?" मी एकदा चिडून म्हणाले.

"मला दुसरं काय करता येतंय गं?" तो म्हणाला. मग मी पाणी प्याले.

बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. आधी जागा बधिर करतात, मग जाड सुई घालतात. टक् असा आवाज होतो, त्यानं मी दचकले. खरं सांगते, दुखलं ते बिब्ब्यापेक्षा कमीच. त्याच दिवशी घरी आले.

रिपोर्टला आम्ही तिघं गेलो, आत्यासुद्धा आल्या. "फायब्रोअडेनोमा," डॉक्टर म्हणाल्या. नाव ऐकूनच मला तो कॅन्सरच वाटला. "घाबरू नका. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. नुसतं लक्ष ठेवायचं."

मी तिथंच रडले. नवरा बाहेर जाऊन रडला.

निघायला उठले, तर आत्या उठेनात. पदर मुठीत आवळून त्या डॉक्टरांकडं बघत होत्या.

"बाई, माज्याबी हाय," त्या म्हणाल्या. "लय दिस झालं. कुनाला सांगितलं न्हाई."

डॉक्टरांनी पडदा ओढला. आत्यांना चोळीची गाठ सुटेना, ती मीच सोडली.

त्यांची गाठ साधी निघाली नाही. ऑपरेशन झालं. आता केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून द्यायचं कॅन्सरचं औषध, चालू आहे. प्रत्येक खेपेला मी सोबत जाते, आणि प्रत्येक खेपेला भिते. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, त्या एका शब्दानंही आत्यांना रागावल्या नाहीत.

बायांनो, स्वतःची गाठ तर दाखवाच. पण घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच जवळ बसवून विचारा. आमच्या घरात तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.