थांबलं की विझणारा दिवा

सायकलच्या दुकानात किस्से साठणारच. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला हलता येत नाही, आणि बसलेल्या माणसाचं तोंड कुठं बसतं? नांदेडात रहीमचाचांच्या दुकानातल्या बाकावर गेल्या पावसाळ्यात मी इतक्यांदा बसले, की लोक मलाच हवा भरायला सांगायला लागले!

मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. सुटायला पावणेसात होतात. पावसाळ्यात तोवर अंधार. एकदा सायकलवरून घरी येताना मागून वाळूचा टिप्पर इतका जवळून गेला, की ओढणी उडाली. घरी सांगायची चूक केली.

"टिप्परवाल्याला तू दिसाया पाहिजे," बाबा म्हणाले. "ह्या महिन्यात धड दिवा बसव, न्हाईतर नोकरी सोड!"

पहिलीच नोकरी. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

आधी मी ऑनलाइन बॅटरीचा दिवा मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘वॉटरप्रूफ’. दुसऱ्याच पावसात काचेच्या आत पाणी डुचमळायला लागलं. चाचांनी तो कानाशी हलवून ऐकला.

"वॉटरप्रूफच हाय बेटी. आत गेलेलं पानी बाहेर येत न्हाई!"

*

मग चाचांनी टायरला घासून फिरणारा जुना डायनॅमो बसवला. चार्जिंगची कटकट नाही, पायडल मारलं की उजेड. पण मी पडले भित्री. हॉर्न वाजला की माझा ब्रेक! चाक थांबलं की दिवा बंद, आणि अंधार झाला की मी आणखी घाबरणार.

बाकावर रोज पेपर वाचायला येणारे रिटायर्ड शिक्षक कांबळे सर म्हणाले, "पोरी, दिवा तुझ्याहून भित्रा निघाला की!"

चाचा मात्र गंभीर. "भ्यायचं तर भी. पन पायडल मारत भी!"

मी ते मनावर घेतलं. पण टायर ओलं झालं की डायनॅमो घसरायचा, आणि उजेड उदबत्तीएवढा.

*

"चाकाच्या आतच डायनॅमो पाहिजे. ना घासणं, ना घसरणं," चाचा म्हणाले. असं चाक कांबळे सरांच्या लातूरच्या भाच्याकडे पडून होतं. सर एका लग्नाला लातूरला गेले आणि येताना ते एसटीत मांडीवर घेऊन बसले.

कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, चाकाचं तिकीट काढा."

"तुमच्या बसला सहा हायत. त्यांचं काढलं का?"

नांदेडपर्यंत कंडक्टर त्यांच्याकडे फिरकला नाही. त्या चाकासोबत पुढचा-मागचा दिवाही आला, आणि सायकल थांबली तरी चार मिनिटं तेवणारा! मला बाकावरच रडू फुटलं. सर घाबरून म्हणाले, "आवडलं न्हाई का गं?"

*

दिवे बसवल्यावर चाचांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि दिव्यांवर तांब्या-तांब्यानं पाणी ओतायला लागले. एक तांब्या, दुसरा, पाचवा. उजेड हलेना.

रस्त्यावरून जाणारा एक जण थांबला. "चाचा, कोनाचा अभिषेक चालू हाय?"

"हिच्या नोकरीचा!"

*

नव्या उजेडाच्या पहिल्याच संध्याकाळी रस्त्याकडेला अचानक दोन हिरवे डोळे चमकले. मी किंचाळले. म्हैस उधळून थेट नालीत! तिचा मालक हताश होऊन म्हणाला, "बाई, रोज शंभर टिप्पर बघती ही. आजवर भ्याली न्हाई!"

*

आणि महिना संपायच्या दोन दिवस आधीची ही संध्याकाळ. धो-धो पाऊस. पुलाच्या अलीकडे, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक माणूस एकदम रस्त्यात आला आणि हात आडवा करून ओरडला, "थांब!"

मी जाम घाबरले. पण ब्रेक नाही लावला. घंटी वाजवली, "बाजूला हो मुडद्या!" म्हणून जीव खाऊन ओरडले आणि अशी पायडलं मारली, की थेट घराच्या ओसरीत पोचले.

आई धावत आली. मी तिला सगळं सांगितलं, शिवीसकट. ती पदरानं माझं डोकं पुसत त्या माणसाला आणखी चार शिव्या देत होती.

अर्ध्या तासानं बाबा आले. नखशिखांत भिजलेले, काखेत पोत्याची खोळ.

आईनं जीभ चावली. मी टॉवेल पुढं केला. बाबांनी सावकाश तोंड पुसलं, कान पुसले, आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाले,

"लई लांबून दिसतो दिवा. उद्या हिचा डबा वेळंवर भर."